गायकवृंदांचे कॅथेड्रल दौरे

गायकवृंदांचे कॅथेड्रल दौरे म्हणजे एखाद्या चर्चच्या गायकवृंदाने (क्वायरने) आपले गाव वा देश सोडून दुसऱ्या ठिकाणच्या कॅथेड्रलमध्ये काही दिवस राहणे आणि तेथील नित्य उपासनांचे गायन स्वतः सांभाळणे होय. ही प्रथा मुख्यतः इंग्लंडमधील अँग्लिकन कॅथेड्रलांशी निगडित आहे. तेथील निवासी गायकवृंद सुट्टीवर असताना देशातील व परदेशातील पाहुणे गायकवृंद त्याची जागा घेतात. मैफलीसाठी केलेल्या संगीत दौऱ्यापेक्षा हा दौरा वेगळा असतो. येथे तिकीट नसते, सहसा टाळ्या वाजवल्या जात नाहीत आणि गायन हे उपासनेचे अंग मानले जाते.

महाराष्ट्रात कॅथेड्रल गायनाची परंपरा मुंबईसारख्या शहरांत रुजली. वऱ्हाडातील अमरावती, अकोला व यवतमाळ या भागांत ख्रिस्ती उपासना संगीताचा विकास मात्र प्रामुख्याने मराठी गीते, भजने आणि कीर्तने यांच्या आधारे झाला. या दोन परंपरांतील फरक व त्यांचे परस्परसंबंध या लेखात पुढे दिले आहेत.

संज्ञा

'कॅथेड्रल' हा शब्द आसन या अर्थाच्या 'कथेद्रा' या ग्रीक शब्दावरून आला आहे. ज्या चर्चमध्ये बिशपचे अधिकृत आसन असते ते त्या धर्मप्रांताचे कॅथेड्रल होय. त्यामुळे आकाराने मोठे असलेले प्रत्येक चर्च कॅथेड्रल नसते आणि एखादे लहान चर्चही कॅथेड्रल असू शकते. ज्या ख्रिस्ती पंथांत बिशपपद नाही, त्यांच्यात कॅथेड्रलही नसते.

गायकवृंद ज्या भागात बसतो त्यालाही इंग्रजीत 'क्वायर' असेच म्हणतात. वेदी आणि सभामंडप यांच्या मध्ये असलेल्या या भागात समोरासमोर दोन बाजूंना लाकडी आसनांच्या रांगा असतात. दक्षिणेकडील बाजूस 'डेकानाय' (डीनची बाजू) आणि उत्तरेकडील बाजूस 'कँटोरिस' (मुख्य गायकाची बाजू) अशी नावे आहेत. स्तोत्रांचे चरण या दोन बाजू आळीपाळीने गातात.

इतिहास

प्रारंभ

राजदरबारांचे गायकवृंद राजासोबत प्रवास करीत असत. याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जून १५२० मध्ये कॅले शहराजवळ झालेली इंग्लंडचा राजा आठवा हेन्री व फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस यांची भेट. 'फील्ड ऑफ द क्लॉथ ऑफ गोल्ड' या नावाने ती ओळखली जाते. या भेटीत कार्डिनल वुल्झी यांनी अर्पण केलेल्या मिस्सेत दोन्ही राजांच्या गायकवृंदांनी आळीपाळीने गायन केले. अशा प्रवासांचा हेतू धार्मिक होता, तसाच तो राजकीय प्रतिष्ठेचाही होता.

इंग्लंडमधील धर्मसुधारणेनंतर १५४९ मध्ये सार्वजनिक प्रार्थनेचे पुस्तक प्रसिद्ध झाले. मठांमधील सायंकाळच्या व झोपण्यापूर्वीच्या अशा दोन प्रार्थना एकत्र करून त्यात एकच सायंप्रार्थना तयार करण्यात आली. हीच पुढे 'इव्हनसाँग' या नावाने कॅथेड्रल गायनाचा केंद्रबिंदू ठरली. सतराव्या शतकातील यादवी युद्धाच्या काळात कॅथेड्रलांचे गायकवृंद बंद पडले. १६६० मध्ये राजसत्तेच्या पुनःस्थापनेनंतर ते पुन्हा उभे राहिले. १६६२ च्या सुधारित प्रार्थनापुस्तकात सायंप्रार्थनेतील अँथमचे, म्हणजे गायकवृंदाने गावयाच्या स्वतंत्र रचनेचे, स्थान निश्चित करण्यात आले.

एकोणिसावे व विसावे शतक

अठराव्या शतकाच्या अखेरीस अनेक कॅथेड्रलांतील गायनाचा दर्जा खालावला होता आणि गायक मुलांच्या शिक्षणाची व निवासाची हेळसांड होत होती. मारिया हॅकेट (१७८३–१८७४) यांनी या मुलांच्या हक्कांसाठी दीर्घकाळ पाठपुरावा केला. जॉन स्टेनर यांनी १८७२ ते १८८८ या काळात लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमधील गायनाला शिस्त लावली. १९२७ मध्ये सिडनी निकोलसन यांनी 'स्कूल ऑफ इंग्लिश चर्च म्युझिक' ही संस्था स्थापन केली. तीच पुढे 'रॉयल स्कूल ऑफ चर्च म्युझिक' या नावाने ओळखली जाऊ लागली. साध्या गावातील चर्चच्या गायकवृंदालाही पद्धतशीर शिक्षण मिळावे, हा तिचा उद्देश होता. अशा प्रशिक्षित हौशी गायकवृंदांमुळेच पाहुण्या गायनाची प्रथा शक्य झाली.

७ ऑक्टोबर १९२६ रोजी बीबीसीने वेस्टमिन्स्टर ॲबेमधून इव्हनसाँगचे प्रथम प्रक्षेपण केले. नभोवाणी व पुढे ध्वनिमुद्रिका यांमुळे या संगीताची ओळख इंग्लंडबाहेर झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानप्रवास सुलभ झाल्यावर अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आदी देशांतील चर्चचे गायकवृंद इंग्लंडच्या कॅथेड्रलांत येऊ लागले. इंग्लंडमधील गायकवृंदही युरोपातील व इतर देशांतील चर्चमध्ये जाऊ लागले.

एकविसावे शतक

२९ जून २०१२ रोजी रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकामध्ये पोपच्या मिस्सेत सिस्टाइन चॅपलच्या गायकवृंदासोबत वेस्टमिन्स्टर ॲबेच्या गायकवृंदाने गायन केले. १३ मार्च २०१७ रोजी त्याच बॅसिलिकामध्ये प्रथमच अँग्लिकन इव्हनसाँग झाली. तिचे गायन ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजच्या गायकवृंदाने केले. सोळाव्या शतकात रोमपासून वेगळ्या झालेल्या चर्चची सायंप्रार्थना रोममध्येच गायली गेल्याने या घटनेला आंतरचर्चीय संबंधांच्या दृष्टीने महत्त्व प्राप्त झाले.

२०२० मधील कोविड-१९ च्या साथीत सामूहिक गायनावर निर्बंध आले आणि दौरे थांबले. कॅथेड्रलांच्या उत्पन्नावरही याचा परिणाम झाला. त्याच वर्षी शेफील्ड कॅथेड्रलने आपला गायकवृंद विसर्जित करून तो नव्या स्वरूपात उभा करण्याचा निर्णय जाहीर केला. त्यामुळे या परंपरेच्या भवितव्याविषयी इंग्लंडमध्ये मोठी चर्चा झाली.

प्रथेमागील कारण

कॅथेड्रलमधील उपासना वर्षभर चालते. निवासी गायकवृंदातील मुले-मुली मात्र शाळेत शिकणारी असतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत, विशेषतः ऑगस्ट महिन्यात, नाताळानंतरच्या दिवसांत आणि सत्रांच्या मधल्या सुट्ट्यांत ती घरी जातात. या काळात पाहुणा गायकवृंद नसेल तर सायंप्रार्थना गायनाविना, केवळ वाचून होते. शतकानुशतके चालत आलेला गायनाचा क्रम खंडित होऊ नये ही कॅथेड्रलची गरज असते, तर त्या वास्तूत गाण्याची संधी मिळावी ही पाहुण्या गायकांची इच्छा असते. या दोन्हींचा मेळ म्हणजे ही प्रथा होय.

उपासनेचे स्वरूप

गायनयुक्त सायंप्रार्थना सुमारे पाऊण तास चालते. तिचा क्रम सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे असतो :

१. प्रारंभीची प्रार्थनावचने : पुरोहित किंवा मुख्य गायक एक ओळ गातो व गायकवृंद प्रतिसाद देतो.
२. स्तोत्रे : बायबलमधील १५० स्तोत्रे महिन्याच्या ३० दिवसांच्या सकाळ-सायंकाळमध्ये विभागलेली आहेत. त्या दिवशीच्या वाट्याची स्तोत्रे 'अँग्लिकन चांट' या पद्धतीने चार स्वरभागांत गायली जातात.
३. जुन्या करारातील वाचन.
४. मरीयेचे स्तोत्र (लूक १:४६–५५).
५. नव्या करारातील वाचन.
६. शिमोनाचे स्तोत्र (लूक २:२९–३२).
७. विश्वासाचा अंगीकार, प्रभूची प्रार्थना व प्रार्थनावचने.
८. अँथम.
९. मध्यस्थीच्या प्रार्थना, सर्वांनी मिळून गावयाचे गीत व आशीर्वाद.
१०. ऑर्गनवरील समारोपाचे वादन.

रविवारी याखेरीज सकाळी प्रभुभोजनाची उपासना असते. रोमन कॅथलिक कॅथेड्रलांत पाहुणे गायकवृंद मुख्यतः मिस्सेमध्ये गातात. तेथे त्यांचे काम मिस्सेचे ठरलेले भाग आणि प्रभुभोजनाच्या वेळची गीते यांपुरते असते.

दौऱ्याची कार्यपद्धती

कॅथेड्रलमधील पाहुण्या गायनाच्या तारखा बऱ्याच आधी, कित्येकदा एक-दोन वर्षे अगोदर ठरतात. गायकवृंदाचा निर्देशक आपल्या गायनाचे नमुने व पूर्वानुभव कळवतो. मान्यता मिळाल्यावर तो रोजच्या रचनांची यादी पाठवतो. उपासनेची व्यवस्था पाहणारा 'प्रीसेंटर' हा धर्माधिकारी आणि कॅथेड्रलचा संगीत निर्देशक ही यादी तपासतात. एकच रचना लागोपाठच्या आठवड्यांत पुन्हा येऊ नये आणि त्या दिवसाच्या सणाला वा वाचनाला ती सुसंगत असावी, याकडे लक्ष दिले जाते.

पाहुणा गायकवृंद साधारणतः काही दिवस ते एक आठवडा राहतो. रोज उपासनेपूर्वी सुमारे तासभर प्रत्यक्ष जागेवर सराव होतो. त्यानंतर गायक झगे घालून रांगेत उभे राहतात आणि 'व्हर्जर' हा सेवक हातात दंड घेऊन त्यांना आसनांपर्यंत नेतो. रोज नवी स्तोत्रे व नवी रचना गावी लागत असल्याने एका आठवड्यासाठीची तयारी कित्येक महिने चालते.

वास्तूशी जुळवून घेणे हा दौऱ्यातील सर्वांत कठीण भाग मानला जातो. उंच दगडी छताखाली स्वर काही सेकंद घुमत राहतो. लहान चर्चमधील लयीत गायल्यास शब्द एकमेकांत मिसळतात. म्हणून व्यंजने स्पष्ट उच्चारणे, ओळींच्या शेवटी पुरेसा विराम घेणे आणि लय किंचित संथ ठेवणे आवश्यक ठरते. ऑर्गनच्या नळ्या गायकांपासून दूर असल्यास त्याचा आवाज उशिरा पोहोचतो. त्यामुळे ऑर्गनवादकाला केवळ कानावर विसंबून चालत नाही. आरसा किंवा कॅमेरा यांच्या साहाय्याने त्याला निर्देशकाच्या हाताकडे पाहून वाजवावे लागते.

प्रवास, निवास व भोजन यांचा खर्च बहुधा गायकवृंदच उचलतो. त्यासाठी सदस्यांची वर्गणी, मंडळीच्या देणग्या व निधीसाठी केलेले कार्यक्रम यांचा आधार घेतला जातो. सुट्टीच्या काळात रिकामी असलेली शाळांची व महाविद्यालयांची वसतिगृहे निवासासाठी वापरली जातात.

गायली जाणारी रचना

टॅलिस, बर्ड व गिबन्स यांच्या सोळाव्या-सतराव्या शतकांतील रचना, तसेच स्टॅनफर्ड व हर्बर्ट हॉवेल्स यांच्या रचना पाहुण्या गायकवृंदांच्या यादीत वारंवार आढळतात. हॉवेल्स यांनी मरीयेचे व शिमोनाचे स्तोत्र यांना केंब्रिजचे किंग्ज कॉलेज, ग्लॉस्टर कॅथेड्रल, सेंट पॉल्स कॅथेड्रल अशा विशिष्ट स्थळांसाठी स्वतंत्रपणे संगीत दिले. त्या त्या वास्तूतील स्वरांचा घुमारा लक्षात घेऊन या रचना केल्या असल्याने त्या मूळ ठिकाणी गाण्याला गायक विशेष महत्त्व देतात.

स्तोत्रे, वाचने व प्रार्थना यांचा साचा ठरलेला असतो. अँथमच्या बाबतीत मात्र निवडीला वाव असतो. पाहुणा गायकवृंद आपल्या देशातील वा भाषेतील रचना सादर करू शकतो तो मुख्यतः याच जागी.

महाराष्ट्रातील कॅथेड्रल गायन

मुंबईतील सेंट थॉमस चर्च १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झाले. थॉमस कार हे मुंबईचे पहिले बिशप झाल्यावर १८३७ मध्ये त्याला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला. 'चर्चगेट' हे नाव या चर्चकडे जाणाऱ्या किल्ल्याच्या दरवाजावरून पडले आहे. या कॅथेड्रलला गायक मुले मिळावीत या हेतूने १८६० मध्ये शाळा सुरू करण्यात आली. आजच्या कॅथेड्रल अँड जॉन कॉनन स्कूलचा उगम तीत आहे. गायनासाठी शाळा आणि शाळेसाठी कॅथेड्रल हा इंग्लंडमधील नमुनाच येथे आणला गेला होता.

मुंबईतील परांजोती अकॅडमी कोरस हा चर्चचा नव्हे, तर मैफलींत गाणारा गायकवृंद आहे. त्याचे संस्थापक व्हिक्टर परांजोती यांच्या निधनानंतर १९६७ पासून कूमी वाडिया यांनी त्याचे नेतृत्व केले. या गायकवृंदाने परदेश दौरे करून पाश्चात्त्य रचनांबरोबर भारतीय धुनांवर आधारित वृंदगीतेही सादर केली. वाडिया यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

गोव्यात कॅथलिक परंपरेतील गायन सोळाव्या शतकापासून चालत आले आहे. जुन्या गोव्यातील सांता कातारिना यांना समर्पित से कॅथेड्रल हे त्याचे एक प्रमुख केंद्र होते. याच प्रदेशात इंग्लंडमधून आलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत क्रिस्तपुराण रचले. ते १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पाश्चात्त्य धर्मगुरूने स्थानिक छंद स्वीकारल्याचे हे आरंभीचे व महत्त्वाचे उदाहरण आहे.

वऱ्हाडातील स्थिती

धर्मप्रांत व कॅथेड्रले

ब्रिटिश काळात वऱ्हाड १९०३ मध्ये प्रशासकीयदृष्ट्या मध्य प्रांताला जोडण्यात आले. त्याच वर्षी आयर चॅटरटन हे नागपूरचे पहिले अँग्लिकन बिशप झाले. वऱ्हाडातील अँग्लिकन मंडळ्यांचे कॅथेड्रल अशा रीतीने नागपूरचे ऑल सेंट्स हे ठरले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथेच विविध पंथांच्या एकीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली.

रोमन कॅथलिक चर्चचा अमरावती धर्मप्रांत ८ मे १९५५ रोजी नागपूरपासून वेगळा करण्यात आला. अमरावती येथील सेंट फ्रान्सिस झेवियर हे त्याचे कॅथेड्रल आहे. अकोल्याचा समावेश याच धर्मप्रांतात होतो. १९७७ मध्ये त्यातून औरंगाबाद धर्मप्रांत वेगळा झाला.

अकोला हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेच्या कार्याचे केंद्र होते. यवतमाळ येथे १९५३ ते १९८३ या काळात युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षण संस्था होती. नंतर ती पुण्यास हलली. अलायन्ससारख्या मंडळ्यांत बिशपपद व कॅथेड्रल नसल्याने झगे घातलेला गायकवृंद किंवा रोजची गायनयुक्त सायंप्रार्थना ही तेथील उपासनेची मुख्य खूण झाली नाही. संपूर्ण मंडळीने मिळून गीत गाणे, हीच तेथील रीत राहिली.

मराठी उपासना संगीत

एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती गीतांत इंग्रजी गीतांची भाषांतरे मोठ्या प्रमाणात होती. मूळ चाली कायम ठेवल्यामुळे मराठी शब्दांचे ऱ्हस्व-दीर्घ व आघात बिघडत. याला पर्याय म्हणून अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) परिसरात कृष्ण रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा प्रसार केला. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग, पदे व भजने रचून मराठी मंडळीला स्वतःचे गीत दिले. ख्रिस्ती धर्माकडे वळण्यापूर्वीच्या काळात टिळकांचे वास्तव्य नागपूर व राजनांदगाव येथे होते. मराठी मंडळ्यांत वापरल्या जाणाऱ्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांच्या गीतांचा वाटा मोठा आहे.

टिळकांच्या काही गीतांची निकल मॅकनिकल यांनी इंग्रजीत भाषांतरे केली आणि त्यांपैकी काही ब्रिटनमधील चर्चच्या गीतसंग्रहांत समाविष्ट झाली. मराठी भक्तिगीताने परदेशातील उपासनेत प्रवेश केला तो असा, गायकांच्या प्रवासाआधी शब्दांच्या मार्गाने.

कॅथलिक चर्चमध्ये ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला. त्यानंतर लॅटिनऐवजी स्थानिक भाषांत मिस्सा होऊ लागली व मराठी गीते, पेटी आणि तबला यांना चर्चमध्ये अधिक वाव मिळाला.

संगीतपद्धतींतील फरक

कॅथेड्रल गायन सोप्रानो, आल्टो, टेनर व बास या चार स्वरभागांच्या मेळावर उभे असते. मराठी भजनात एकच चाल सर्वजण गातात आणि तिचे सौंदर्य स्वरविस्तार, ताल व पुनरावृत्ती यांत असते. कॅथेड्रलमध्ये मंडळी बहुतांशी ऐकते, तर भजनात ती ध्रुवपद उचलून धरते. डेकानाय व कँटोरिस यांच्या आळीपाळीच्या गायनाशी भजनातील 'म्होरक्या आणि मागचे' या रचनेचे साम्य दिसते. मात्र पहिल्यात दोन समान गट असतात आणि दुसऱ्यात एक गायक व समूह.

तुलनात्मक उदाहरणे

सामूहिक गायन घेऊन प्रवास करण्याची परंपरा वऱ्हाडात ख्रिस्ती समाजापुरती मर्यादित नाही. विदर्भातून पंढरपूरला जाणाऱ्या दिंड्यांत वाटेवरच्या गावोगावी भजन व हरिपाठ होतो आणि मुक्कामाचे गाव वारकऱ्यांची व्यवस्था पाहते. अमरावती जिल्ह्यातील मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन करणारे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) हे खंजिरीच्या साथीने भजने गात. १९५५ मध्ये जपानमधील विश्वधर्म परिषदेला ते उपस्थित राहिले. त्यांनी रूढ केलेली सामुदायिक प्रार्थना दररोज ठरावीक वेळी होते. नित्यक्रम, सामूहिकता व ठरलेली वेळ या तीन बाबतींत तिचे दैनिक सायंप्रार्थनेशी साधर्म्य आहे. धर्मविचार व संगीत या दृष्टीने मात्र दोन्ही परंपरा स्वतंत्र आहेत.

टीका व चर्चा

या प्रथेविषयी पुढील मुद्दे वारंवार मांडले जातात :

उपासना की सादरीकरण : परदेशी गायकवृंदासाठी कॅथेड्रल हे प्रतिष्ठेचे व्यासपीठ ठरण्याचा धोका असतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी उपस्थिती थोडी असते. श्रोते मोजके असतानाही तितक्याच निष्ठेने गाणे ही गायकवृंदाची खरी कसोटी होय, असे या प्रथेचे समर्थक म्हणतात.

सहभाग : कॅथेड्रलांत वरचा स्वर शतकानुशतके केवळ मुलगे गात. सॉल्झबरी कॅथेड्रलने १९९१ मध्ये मुलींचा स्वतंत्र गायकवृंद सुरू केल्यावर ही स्थिती बदलू लागली. स्त्री-पुरुषांचे मिश्र गायकवृंद पाहुणे म्हणून गात असल्याने या बदलास हातभार लागला.

आर्थिक विषमता : प्रवासखर्च गायकांनाच करावा लागत असल्याने सधन देशांतील व शहरांतील गायकवृंदांना ही संधी सहज मिळते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या वा ग्रामीण मंडळ्यांना ती परवडणे कठीण असते.

भाषा व वारसा : वसाहतकाळात इंग्रजी चर्च संगीत हेच श्रेष्ठ उपासना संगीत मानले गेले, अशी टीका भारतीय चर्चमध्ये होत आली आहे. एका मतानुसार पाश्चात्त्य वृंदगान हा जागतिक ख्रिस्ती समाजाचा समान वारसा असून तो जपला पाहिजे. दुसऱ्या मतानुसार मराठी मंडळीने अभंग, ओवी व कीर्तन याच आपल्या माध्यमांना प्राधान्य द्यावे. टिळकांचे कार्य दुसऱ्या मताच्या समर्थनार्थ नेहमी दाखवले जाते. तथापि त्यांच्या गीतांचा इंग्रजी संग्रहांत झालेला समावेश पाहता, या दोन परंपरांतील देवाणघेवाण एकाच दिशेने झालेली नाही, हेही स्पष्ट होते.

हे सुद्धा पहा

नारायण वामन टिळक
लक्ष्मीबाई टिळक
क्रिस्तपुराण
सेंट थॉमस कॅथेड्रल, मुंबई
चर्च ऑफ नॉर्थ इंडिया
तुकडोजी महाराज
वऱ्हाड